भीमाशंकरची घंटा आणि वसईचा किल्ला

आम्ही विश्रांतवाडीच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. आपल्या या कार्यक्रमात आम्ही नेहमी हिशेबाचं, कर्जाचं, पापड-मसाल्याचं बोलतो. आज जरा जुनं बोलणार आहोत. ते का, ते आधी सांगतो, कारण त्यात आमची एक चूक आहे.

मागच्या श्रावणात आमचा गट भीमाशंकरला गेला होता. गाडी ठरवली, डबे घेतले, पावसात भिजत दर्शन झालं. देवळासमोर शनीचं छोटं देऊळ आहे आणि तिथे एक मोठी घंटा टांगलेली आहे. आपल्या देवळातल्या घंटेसारखी ती दिसत नाही. आकार वेगळा, आवाज घुमणारा आणि अंगावर क्रूस कोरलेला. आमच्यातल्या एक काकू बघून एकदम बोलल्या, "हे क्रूसवाल्यांचं आपल्या देवाच्या दारात कशाला?"

आम्ही काहीजणी हसलो. काहीजणी गप्प राहिलो. आमच्याच गटातली एक ताई ख्रिस्ती आहे, ती शेजारीच उभी होती. पालखी आमच्या आळंदी रस्त्याने जाते तेव्हा वारकऱ्यांना चहा वाटायला पहाटे सगळ्यात आधी तीच येते. ती काही बोलली नाही. पायरीवर जाऊन बसली. पुढच्या महिन्याच्या बैठकीला ती आली नाही, बचतीचे पैसे मुलीच्या हाती पाठवले. त्याच्या पुढच्या महिन्यातही तसंच.

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. आम्ही दोघीतिघी तिच्या घरी गेलो. आधी चहा, मग इकडचं तिकडचं. शेवटी ती म्हणाली, "माझं आजोळ वसईचं. ती घंटा आमच्या वसईची आहे, माहीत आहे का तुम्हाला?" खरं सांगायचं तर आम्हाला माहीत नव्हतं. बी. ए.ला इतिहास होता तरी नव्हतं. चिमाजीअप्पांनी वसई जिंकली एवढं एक वाक्य पाठ होतं, त्याच्या पुढेमागे काय होतं ते कधी वाचलंच नाही. मग वाचनालयातून पुस्तकं आणली, दिवाळीनंतर सगळ्याजणी वसईला जाऊन आलो. ताईला पुढे बसवून नेलं.

आधी गाव कुठे ते सांगतो. मुंबईच्या वर, पालघर जिल्ह्यात, उल्हास नदीची खाडी समुद्राला मिळते तिथे वसई. वसई रोड स्टेशनला उतरलं की किल्ल्याकडे बस आणि रिक्षा मिळतात. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिंहगड येतो, चढण, बुरूज, पिठलं-भाकरी. हा तसा नाही. हा सपाटीवरचा किल्ला आणि खरं म्हणजे किल्ला नव्हेच, तटाच्या आत वसवलेलं एक अख्खं शहर. तटाची लांबी साधारण साडेचार किलोमीटर. आत रस्ते, चौक, वाडे, बाजार, दवाखाना, शाळा, तुरुंग आणि चर्चवर चर्च. एक दरवाजा जमिनीकडे, एक बंदराकडे.

हे शहर बांधलं पोर्तुगीजांनी. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई त्यांना तहात दिली. त्याच्यावर मोगल हुमायून चालून येत होता, त्याला मदत हवी होती. गरज पडली की माणूस काय काय लिहून देतो ते आपण सावकाराच्या दारात पाहिलेलं आहे, राजांचंही तसंच. पुढची दोनशे वर्षं वसई ही पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या मुलखाची राजधानी होती. दमण, तारापूर, माहीम, ठाणे, साष्टी, मुंबई, चौल, एवढा पट्टा इथून चालायचा. इथलं लाकूड जहाजं बांधायला जायचं. इथला काळा दगड तर पार गोव्याच्या चर्चपर्यंत गेला.

आमच्यातल्या एकीचा मुलगा कॉलेजात आहे. त्याने मोबाईलवर आम्हाला दक्षिण अमेरिकेतलं एक शहर दाखवलं. कोलंबिया देशाच्या किनाऱ्यावरचं कार्ताहेना. ते स्पेनच्या लोकांनी वसवलं १५३३ साली, म्हणजे वसईच्या तहाच्या एकच वर्ष आधी. तिथेही समुद्राला लागून तट, बुरूज, तोफा, चर्च. डोंगरातली चांदीसोनं बंदरात आणायचं आणि जहाजात भरून स्पेनला न्यायचं, हा तिथला धंदा. दुसरा धंदा त्याहून वाईट, आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं तिथे बाजारात विकली जायची. त्यातले काहीजण पळून गेले आणि रानात कुंपण घालून आपलं गाव वसवून राहिले. बेंकोस बिओओ नावाचा त्यांचा म्होरक्या होता. सान बासिलिओ द पालेंके हे त्या गावाचं नाव, अजून नांदतं आहे, आणि तिथली भाषाही आफ्रिकेच्या आणि स्पॅनिश बोलीच्या मिसळीतून झालेली आहे. त्या गावच्या बाया रंगीत झगे घालून, डोक्यावर फळांचं घमेलं घेऊन कार्ताहेनाच्या रस्त्यावर फळं विकतात. मुलाने फोटो दाखवला तेव्हा ताई म्हणाली, "माझी आजी अशीच केळी घेऊन मुंबईला जायची, फक्त लुगडं लाल." तिथला फोटो बघून एकदम सगळ्याजणी मोबाईलवर वाकलो.

तर वसईला परत येऊ. त्या काळी बायकांचं काय चाललं होतं, ते आम्ही मुद्दाम शोधलं. राजाच्या चाकरीत मेलेल्या पोर्तुगीज शिपायांच्या पोरक्या मुलींना या मुलखातली गावं हुंडा म्हणून नेमून दिली जात. म्हणजे मुलीच्या नावावर गाव, पण अट अशी की तिने पोर्तुगीजाशीच लग्न करायचं. नाव तिचं, कारभार नवऱ्याचा. आपल्याकडेही घर बायकोच्या नावावर केलं की मुद्रांक शुल्क कमी पडतं म्हणून करतात, आणि सही करताना तिला कागद दाखवतसुद्धा नाहीत. चारशे वर्षांत फार फरक पडला असं वाटत नाही.

आणि हुंड्याचीच गोष्ट आहे तर ही ऐका. पोर्तुगालच्या राजघराण्यातल्या कॅथरीनचं लग्न इंग्लंडच्या राजाशी ठरलं, १६६१ साली करार झाला, आणि हुंड्यात मुंबई दिली. कोळ्यांची, भंडाऱ्यांची, माडाच्या वाड्यांची मुंबई. तिथल्या एकाही माणसाला कोणी विचारलं नाही. मात्र प्रत्यक्ष ताबा द्यायला चार वर्षं लागली, कारण इथले पोर्तुगीज अधिकारी हात आखडून बसले. त्यांना कळत होतं की हे बंदर हातचं गेलं तर वसईचं काही खरं नाही. शेवटी १८ फेब्रुवारी १६६५ ला ताब्याचे कागद झाले, ते एका बाईच्या घरात. दोना इग्नेस द मिरांडा ही विधवा बाई मुंबईची जमीनदारीण होती. आज नौदलाचं आवार आहे त्या भागात तिचा वाडा होता. मुंबई एका बाईच्या हुंड्यात गेली आणि दुसऱ्या बाईच्या ओसरीवर ताबा दिला गेला, हे शाळेच्या पुस्तकात सांगितलं असतं तर आम्ही इतिहासाच्या तासाला झोपलो नसतो.

आता धर्माचं. हे टाळून पुढे गेलो तर काकूंच्या बोलण्याला उत्तर मिळणार नाही, म्हणून नीट सांगतो. पोर्तुगीजांच्या राज्यात देवळं पाडली गेली, लोकांना बाटवलं गेलं. गोव्यात १५६० साली त्यांनी इन्क्विझिशन म्हणून धर्माची कचेरी बसवली, तिचा वचक वसईपर्यंत होता. बोरिवलीजवळ मंडपेश्वरची लेणी आहेत, शंकराची. तिथे त्यांनी चर्च केलं. मराठे आल्यावर तिथे पुन्हा देव बसला. मुलखातल्या लोकांना हा जाच नको झाला होता. भिवंडीकडच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ, मालाडचे अंताजी रघुनाथ, अशी माणसं वर्षानुवर्षं पुण्याकडे खेटे घालत होती की या, आम्हाला सोडवा. हे सगळं खरं आहे.

पण त्याच वेळी हेही खरं आहे की बाटवलेली म्हणा, स्वतः गेलेली म्हणा, ती माणसं इथलीच होती. शेती करणारी, भाजी पिकवणारी, मासे मारणारी. पोर्तुगीज राजा गेला, ती कुठे जाणार? ताईचं आजोळ त्यांतलंच. घरात त्यांची जी बोली आहे, कादोडी, ती ऐकली तर कोणी म्हणणार नाही की ती मराठीची बहीण नाही. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत. बाप पोर्तुगीज, आई इथली. तो व्यापार करत जपानच्या बाजूला गेला, मग साधू झाला, आणि १५९७ साली नागासाकीला त्याला क्रूसावर मारलं. त्याच्या नावाचं कॉलेज वसईत आहे.

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं आणि साष्टी घेतली, वसई मात्र राहिली. १७३९ च्या जानेवारीत माहीम, तारापूर पडलं आणि फेब्रुवारीत चिमाजीअप्पांनी वसईला वेढा घातला. आम्ही तटावर उभ्या राहून पाहिलं तेव्हा कळलं की हे काम किती अवघड होतं. दोन बाजूंना पाणी, एका बाजूला दलदल, फक्त उत्तरेकडून कोरडी जमीन. तिकडेच सगळ्यात भक्कम बुरूज, सेंट सेबॅस्टियनचा. शिड्या लावून चढायची सोय नाही. मग मराठ्यांनी जमिनीखालून भुयारं खणली, तटाखाली दारू ठासली आणि सुरुंग लावले. कधी सुरुंग नीट उडाला, कधी उशिरा उडाला आणि आपलीच माणसं त्याखाली गेली. दोन्हीकडची हजारो माणसं मेली. मोहिमेच्या आधी अप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस केला होता की किल्ला मिळाला तर तुझं देऊळ बांधीन. भिवंडी तालुक्यातलं आजचं वज्रेश्वरीचं देऊळ त्या नवसाचं.

आतल्या पोर्तुगीजांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. इंग्रजांनी कर्ज दिलं, पण कसं? चर्चमधली चांदीची भांडी आणि पितळी तोफा तारण ठेवून. आम्ही बचत गटवाल्या आहोत, आम्हाला हे वाचल्यावर इंग्रज बरोबर कळला. शेजाऱ्याचं घर जळत असताना तो बादली देण्याआधी गहाणखत लिहून घेतो.

मे महिन्यात मोठे सुरुंग उडाले, बुरूज फाटला, आणि १६ मे १७३९ ला पोर्तुगीजांनी शरणागती लिहून दिली. त्या तहाची कलमं आम्ही बैठकीत वाचून दाखवली. बायकामुलांसह, घरच्या चीजवस्तूंसह बाहेर पडायला आठ दिवसांची मुदत. कोणाला अडवायचं नाही. जे ख्रिस्ती लोक मागे राहतील त्यांना त्यांचा धर्म पाळू द्यायचा आणि त्यांच्यासाठी काही चर्च राखायची. इतकी माणसं गमावून जिंकलेल्या सैन्याने हे मान्य केलं. हे वाचल्यावर काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अप्पांनी राहू दिलं, आणि मी भीमाशंकरला बोलले." ताई त्या दिवशी बैठकीला होती.

चर्चच्या घंटा मात्र मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून आणल्या आणि देवांना वाहिल्या. भीमाशंकरची घंटा त्यातली. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर एक आहे, तिच्यावर १७०७ साल आहे. 'स्वदेस' सिनेमात तो घाट दिसतो. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली घंटा तर सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे अडीचशे वर्षांहून जास्त काळ कोणाच्याही देवळाला त्या क्रूसाचा त्रास झालेला नाही. पुजारी रोज वाजवतो, देव रोज ऐकतो.

गंमत अशी की त्यानंतर दोनच वर्षांनी, १७४१ साली, तिकडे कार्ताहेनाला इंग्रजांनी वेढा घातला. व्हर्नन नावाचा त्यांचा सरदार प्रचंड आरमार घेऊन गेला. इंग्लंडात तर विजयाची पदकंसुद्धा पाडून ठेवली. आणि झालं उलटंच, तट पडला नाही, साथीच्या तापाने माणसं पटापट मेली आणि आरमार हात हलवत परत गेलं. आपल्याकडे पीक हातात यायच्या आधी ट्रॅक्टरचा हप्ता ठरवतात, तसली ती पदकं. पण त्यामुळे कार्ताहेना वाचलं. तटाच्या आत आजही घरं आहेत, लोक राहतात, जगभरातून माणसं बघायला येतात. १९८४ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

वसईच्या तटात मात्र माणूस राहिला नाही. मराठ्यांकडे ती होती, मध्ये १७८० मध्ये इंग्रजांनी घेतली, पुन्हा परत दिली. व्यापार तोवर मुंबईला निघून गेला होता. आणि १८०२ साली वसईने आपल्या पुण्याचंच नशीब लिहिलं. हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांकडून हरल्यावर दुसरा बाजीराव पुणं सोडून कोकणातून वसईला पळाला, आणि ३१ डिसेंबरला तिथे इंग्रजांशी तह केला. इंग्रजांच्या सहा पलटणी स्वतःजवळ ठेवायच्या आणि त्यांच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा. ज्या गावी चुलत आजोबांनी भगवा लावला त्याच गावी नातवाने सही केली. पंधरा वर्षांनी, ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि पेशवाई बुडाली. खडकी आमच्या विश्रांतवाडीच्या शेजारी. आमच्यातल्या कितीतरी घरचे पुरुष रोज तिकडे कामाला जातात.

चिमाजीअप्पा वसईनंतर दीड-दोन वर्षंच जगले. १७४० च्या डिसेंबरात ते गेले, आणि त्यांची बायको अन्नपूर्णाबाई सती गेली. पुण्यात ओंकारेश्वराजवळ समाधी आहे. बालगंधर्वच्या बाजूने शनिवारात जाताना आम्ही कितीदा तिथून गेलोय. वसईचं नाव निघालं की अप्पांचा पुतळा, पोवाडा, व्याख्यान सगळं होतं. अन्नपूर्णाबाईसाठी आम्ही या वेळी मुद्दाम थांबून दोन फुलं ठेवली, एवढंच.

किल्ल्यात आम्ही चार तास होतो. सेंट जोसेफच्या चर्चला छप्पर नाही, पण मनोरा उभा आहे, भिंतीत पिंपळ उगवलेत. जमिनीवर पोर्तुगीज अक्षरांच्या थडग्यांच्या शिळा आहेत, त्यावरून शेळ्या जातात. नागेश्वराचं देऊळ आहे, तिथे दिवा होता. दरवाजातून बंदराकडे बाहेर पडलं की कोळीवाडा, बांबूंवर बोंबील वाळत घातलेले आणि कोळणींचा आवाज. एका भिंतीवर कोणी प्रेमवीरांनी नावं कोरून ठेवली होती, लग्नाचे फोटो काढायला आलेली जोडपी तिथेच उभी राहत होती. पुरातत्त्व खात्याची पाटी आहे, पण पाटी वाचतं कोण. एक काका सांगत होते की पूर्वी लोक इथले दगड घर बांधायला नेत. आम्ही म्हटलं, आमच्या गावच्या गढीचंही तेच झालं.

ताईने आम्हाला तिच्या मामीकडे नेलं. मामी ऐंशीच्या पुढची, अजून लुगडं नेसते. आम्ही पंधराजणी, घरात मावेना, अंगणात बसलो. मामीने सुकेळी पुढे केली. राजेळी केळी सोलून उन्हात कित्येक दिवस वाळवायची, रात्री झाकायची, सकाळी परत पसरायची, मग पानात बांधायची. पूर्वी घरोघर व्हायची, आता मोजक्याच बाया करतात, कारण बागा कापून इमारती झाल्या आणि मेहनतीच्या मानाने भाव मिळत नाही. आमच्यातल्या दोघींनी लगेच वही काढून विचारायला सुरुवात केली, किलोला किती केळी लागतात, किती दिवस टिकतात, पुण्याच्या प्रदर्शनात ठेवली तर पाठवाल का. मामी म्हणाली, पाठवते, पण पैसे आधी. पक्की बाई.

काकूंनी ताईच्या शेजारी बसून सुकेळी खाल्ली. दाताला चिकटतात म्हणून तक्रार केली आणि दोन पुड्या घरी न्यायला मागून घेतल्या.